बारा शब्द मी स्वतःच्या हातांनी टाइप केले

व्यवहार अडकला होता, एवढंच झालं होतं. गर्दीच्या वेळी फी कमी ठेवली की इथेरियम या क्रिप्टोच्या जाळ्यावर व्यवहार तासन्‌तास पेंडिंग राहतो, हे मला ठाऊक होतं. पण रक्कम माझ्या मानाने मोठी होती आणि जीव थाऱ्यावर नव्हता. माझं वॉलेट (क्रिप्टो ठेवायचं आणि पाठवायचं ॲप) वापरणाऱ्यांच्या एका ग्रुपवर मी प्रश्न टाकला. दोन मिनिटांत खासगी मेसेज आला. लोगो वॉलेट कंपनीचाच, नावही तिचंच (एका अक्षराचा फरक होता, तो नंतर दिसला), आणि बोलणं इतकं अदबशीर की संशय घ्यायची लाज वाटावी.

त्याने माझ्याकडे काहीच मागितलं नाही. ‘तुमचं वॉलेट नोडशी सिंक झालेलं नाही, या पानावर जोडून घ्या,’ एवढं म्हणाला. पान उघडलं. चक्र फिरत राहिलं, मग लाल अक्षरांत आलं की जोडणी होत नाही, हाताने जोडा. खाली बारा चौकटी, वॉलेटच्या बारा गुप्त शब्दांसाठी. चार अक्षरं टाइप केली की पान उरलेला शब्द आपणहून सुचवत होतं, त्यामुळे ते आणखीच अस्सल वाटलं. आता कळतं की त्यात कसलीच करामत नव्हती. हे शब्द 2048 शब्दांच्या एका ठरावीक, सर्वांना खुल्या यादीतले असतात आणि त्यातला प्रत्येक शब्द पहिल्या चार अक्षरांवरून ओळखता येतो. अशी यादी कुणीही पानाला जोडू शकतो.

लोक विचारतात, तुला माहीत नव्हतं का? होतं. सीड फ्रेज, म्हणजे हेच बारा शब्द, कुणाला सांगायची नाही, हे मीच चार जणांना बजावलं होतं. पण ‘सांगणं’ म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर माणूस यायचा, फोनवर विचारणारा. चौकटीत टाइप करणं मला सांगणं वाटलंच नाही, फॉर्म भरल्यासारखं वाटलं. माझी सगळी चूक या एका वाक्यात आहे.

पाच मिनिटांत वॉलेट रिकामं. घाबरून मी काय केलं, तर ॲपचा पासवर्ड बदलला! त्या पासवर्डाने फक्त त्या फोनवरचं ॲप कुलूपबंद होतं. खरी किल्ली त्या बारा शब्दांतून तयार होते आणि त्या शब्दांवरून जगात कुठल्याही फोनवर तेच वॉलेट जसंच्या तसं उभं राहतं. शब्द अंदाजाने शोधायचे म्हटले तर 128 बिटांची अनिश्चितता आहे (2 चा 128वा घात इतक्या शक्यता), म्हणजे कुठल्याही संगणकाच्या आवाक्याबाहेरचं काम. म्हणून चोर कुलपाशी झटापट करतच नाही, किल्ली आपल्याकडूनच मागून घेतो.

थोडे टोकन, म्हणजे क्रिप्टो नाणी, स्टेकिंगमध्ये (मोबदल्यासाठी कुलूपबंद ठेवण्यात) अडकले होते, ते सात दिवसांनी मोकळे होणार होते. निदान ते तरी वाचवू म्हणून, ते हलवण्याची फी भरायला मी वॉलेटच्या त्याच पत्त्यावर थोडं ईथर (इथेरियमचं चलन) पाठवलं. इथेरियमवर साधारण 12 सेकंदांनी नवा ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचा नवा गठ्ठा, येतो. पुढच्याच ब्लॉकमध्ये ईथर गायब. मला वाटलं योगायोग, म्हणून पुन्हा पाठवलं. मग तिसऱ्यांदा. चोर माणूस झोपला असेल, पण त्याचा बॉट (आपोआप चालणारा प्रोग्राम) जागा होता: पत्त्यावर काही आलं रे आलं की तो उचलतो. त्याला ‘स्वीपर’ म्हणतात, हे मला तीन वेळा लुटून घेतल्यावर कळलं. फी आणि सुटकेचा व्यवहार एकत्र बांधून, सार्वजनिक रांगेत न टाकता थेट ब्लॉक बनवणाऱ्यांकडे पाठवला तर कधी कधी वाचवता येतं. हे कळेपर्यंत सात दिवस होऊन गेले होते.

मग भेटला ‘रिकव्हरी एक्स्पर्ट’. माझे पैसे कुठून कुठे गेले याचा रंगीत नकाशा त्याने पाठवला आणि मी भारावलो. तो सगळा माग एक्स्प्लोररवर, म्हणजे सगळे व्यवहार दाखवणाऱ्या वेबसाइटवर, कुणालाही फुकट दिसतो. आधी आगाऊ फी घेतली, मग कर मागितला, तेव्हा कुठे डोळे उघडले. झालेला व्यवहार उलटवणं कुणाच्याच हातात नसतं. चोराने माल एखाद्या एक्स्चेंजवर (क्रिप्टोच्या खरेदी-विक्रीच्या बाजारात) नेला आणि पोलिसांच्या सांगण्यावरून तिथे तो गोठवला गेला, तर काही आशा. म्हणून तक्रार त्याच दिवशी करा, व्यवहाराचा हॅश (ओळख क्रमांक) आणि चोराचा वॉलेट पत्ता जोडून. मी आठवडा त्या एक्स्पर्टच्या नादात घालवला.

आता माझे शब्द कागदावर आहेत, दोन वेगळ्या ठिकाणी. फोनमध्ये फोटोही ठेवत नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये कॅस्परस्की या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी स्पार्ककॅट नावाचा घातक प्रोग्राम उघडकीस आणला. तो गॅलरीतल्या फोटोंमधला मजकूर वाचून असे शब्द शोधत होता, आणि तो सापडला तो गूगल आणि ॲपलच्या अधिकृत स्टोअरवरच्या ॲपमध्ये. हार्डवेअर वॉलेटही (किल्ली फोनबाहेर ठेवणारं छोटं यंत्र) घेतलं आहे, पण त्याचे शब्द उद्या कुठल्या पानावर टाइप केले तर ते यंत्र खिशातल्या दगडाच्याच लायकीचं.

आणि तो अडकलेला व्यवहार? त्याच नॉन्सवर (व्यवहाराच्या अनुक्रमांकावर) जास्त फी देऊन पुन्हा पाठवला की सुटतो. बऱ्याच वॉलेटमध्ये त्यासाठी बटणच असतं. माझ्या ॲपमध्येही होतं, त्याच स्क्रीनवर, खालच्या कोपऱ्यात.

परवा त्याच ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, ‘व्यवहार अडकलाय, मदत करा.’ मी लगेच उत्तर दिलं, ‘बटण खाली आहे. आणि आता खासगी मेसेज येईल, त्याला उत्तर देऊ नका.’

पलीकडून आलं, ‘तीन आलेत.’