मामांचा कॉम्प्युटर आणि 'जास्त आलेले' पैसे

कॉम्प्युटरच्या पडद्यावर व्हायरसचा इशारा आला आणि त्यात फोन नंबर असला, तर तो इशारा खोटा समजा. विंडोजच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो, हे मायक्रोसॉफ्टने स्वतः सांगून ठेवलंय. एवढी एक गोष्ट माझ्या मामांना वेळेत माहीत असती तर त्यांचे ५९,९९९ रुपये गेले नसते. त्यांना विचारूनच हे लिहितोय. "लिही, नाव सोडून सगळं लिही," असं तेच म्हणाले.

मामा हायस्कूलचे रिटायर्ड मुख्याध्यापक. सांगलीत गावभागात घर. कॉम्प्युटर ताईच्या इंजिनिअरिंगच्या वेळचा. २०१९ च्या महापुरात तो वरच्या मजल्यावर नेला आणि मग तिथेच राहिला. त्यावर विंडोज ७. त्याचे सुरक्षेचे अपडेट १४ जानेवारी २०२० लाच बंद झाले, आणि २०२३ पासून क्रोमच्याही नव्या आवृत्त्या त्यावर चालत नाहीत. अँटिव्हायरसची मुदत तर कधीच संपलेली. पण मशिन चालू होत होतं, सातबारा निघत होता, लाइट बिल भरलं जात होतं, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. घरोघरी हेच चित्र आहे.

सुरुवात एका मराठी फॉन्टपासून झाली. देवस्थानच्या ट्रस्टचं जुनं इतिवृत्त कुणीतरी पेनड्राइव्हवर दिलं. ते उघडलं की नुसती अगम्य अक्षरं दिसायची. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइलींचं असंच होतं. मामा फुकटचा फॉन्ट शोधत एका साइटवर गेले. तिथे हिरव्या रंगाची चार-पाच डाउनलोड बटणं, आणि वर एक चौकट: तुम्ही रोबोट नाही हे दाखवण्यासाठी 'अलाऊ' दाबा. मामांनी दाबलं. रोबोटशी त्याचा काही संबंध नव्हता. त्या साइटला कधीही पडद्यावर सूचना पाठवायची परवानगी त्यातून मिळाली. त्या दिवसापासून उजव्या कोपऱ्यात 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सापडले' अशा पाट्या यायला लागल्या. खरं तर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या साइटची परवानगी काढली असती तर त्या तिथेच थांबल्या असत्या.

त्यातल्या एका पाटीवर मामांनी क्लिक केलं आणि पूर्ण पडदा निळा झाला. सायरन वाजायला लागला. कॉम्प्युटर बंद केलात तर सगळा डेटा जाईल, ताबडतोब या नंबरवर फोन करा. माउसचा बाण दिसेना, पान बंद होईना. असं झालं तर ऑल्ट आणि एफ४ एकदम दाबा. नाहीच ऐकलं तर पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरून मशिन सरळ बंद करा. पान फक्त पूर्ण पडदा व्यापून बसलेलं असतं, काही लॉक झालेलं नसतं.

मामांनी फोन केला. पलीकडचा मुलगा हिंदीत, अतिशय अदबीने, दर वाक्याला 'सर' म्हणत बोलत होता. त्याने एक सॉफ्टवेअर टाकायला लावलं आणि पडद्यावर आलेला आकडा वाचून दाखवायला सांगितला. तो आकडा सांगितला की तुमचा माउस त्याच्या हातात जातो. मग त्याने विंडोजमधला इव्हेंट व्ह्यूअर उघडून लाल खुणांची लांबलचक यादी दाखवली. हे सगळे व्हायरस, म्हणाला. तुमच्या-माझ्या कुठल्याही धडधाकट कॉम्प्युटरवर ती यादी उघडा, लाल खुणा दिसणारच. ती छोट्या-मोठ्या अडचणींची रोजची नोंद असते. पुढे काळी खिडकी उघडून एक कमांड दिली. भराभर ओळी सरकल्या आणि शेवटी इंग्रजीत 'व्हायरस सापडला' असं उमटलं. त्या ओळी म्हणजे मामांच्याच फोल्डरांची नावं होती, आणि शेवटची ओळ त्याने स्वतः टाइप केली होती. तीन वर्षांच्या 'देखभाली'चे ५,९९९ रुपये मामांनी नेटबँकिंगने त्याच्या डोळ्यांदेखत भरले.

खरा घाव पुढे बसला. काही आठवड्यांनी त्याच लोकांचा फोन आला. आमची कंपनी बंद होतेय, तुमचे पैसे परत करायचेत, कॉम्प्युटर चालू करा. मामांनी पुन्हा त्याला आत घेतलं, बँकेचं पान उघडलं. क्षणभर पडदा काळा झाला. परत दिसला तेव्हा खात्यात ५,९९९ ऐवजी ५९,९९९ जमा झालेले दिसत होते. आणि तो मुलगा फोनवर रडायला लागला. सर, माझ्याकडून एक नऊ जास्त पडला, वरचे ५४,००० परत केले नाहीत तर माझी नोकरी जाईल, घरी आई आजारी आहे.

खात्यात एक रुपयाही आलेला नव्हता. ब्राउझरमध्ये एफ१२ दाबलं की उघडलेल्या पानावरचा मजकूर आपल्यापुरता बदलता येतो. बँकेच्या सर्व्हरवर काही बदलत नाही, फक्त आपल्या पडद्यावर आकडा वेगळा दिसतो. पान एकदा रिफ्रेश केलं की खरी शिल्लक परत येते. म्हणूनच तो मामांना सारखा बजावत होता, पानाला हात लावू नका, व्यवहार अडकेल. मोबाइलवर पैसे जमा झाल्याचा मेसेज आलाय का, एवढंच बघायचं होतं. पण तो फोन कानाला लावलेला होता आणि पलीकडून रडणं चालू होतं.

मामांनी ५४,००० पाठवले. स्वतःचे.

मला सगळ्यात जास्त संताप याचाच येतो. लोभाने फसलेला माणूस म्हणून ही गोष्ट सांगता येत नाही. दुसऱ्याचे पैसे आपल्याकडे राहू नयेत म्हणून ते फसले. "अरे, पोराची नोकरी गेली असती," हेच ते मला पुन्हा पुन्हा सांगत होते.

संध्याकाळी मामीचा फोन आला. "हे सकाळपासून वरच्या खोलीत दार लावून हिंदीत बोलायलेत, आणि आता जेवायला नको म्हणतायत." मी मामांना आधी इंटरनेटची वायर काढायला लावली. मग बँकेच्या हेल्पलाइनवरून नेटबँकिंग बंद करून घेतलं आणि लगेच १९३० ला फोन. हा सायबर फसवणुकीसाठीचा देशभराचा नंबर आहे. तक्रार जितकी लवकर जाईल तितकी पुढच्या खात्यांमध्ये पैसे अडवायची शक्यता जास्त, कारण हे लोक रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात फार वेगाने फिरवतात. मामांची थोडी रक्कम अशी एका खात्यात रोखली गेली. बाकीची तोवर काढून झाली होती. दुसऱ्या दिवशी बँकेत लेखी अर्ज दिला आणि आपल्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का घेतला. सायबर पोलीस ठाण्यातही तक्रार दिली.

बँक पैसे भरून देईल, असं नात्यातल्या एकाने ठामपणे सांगितलं. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही अशा परस्पर झालेल्या व्यवहाराची तक्रार तीन कामकाजाच्या दिवसांत केली, तर तोटा तुमच्यावर येत नाही. पण इथे ओटीपी टाकून मामांनी स्वतः पैसे पाठवले होते. अशा वेळी कळवेपर्यंतचं नुकसान खातेदाराचं धरलं जातं. त्यानंतर काही गेलं तर ते नुकसान बँकेचं. म्हणून कळवायला एक तासही लावू नका.

मी सांगलीला पोचलो तोवर शेजारचा मुलगा मशिन फॉरमॅट करायला निघाला होता. नशीब, मामीने थांबवलं. आधी पुरावा जपायचा. कॉल लॉग, मेसेज, व्यवहाराचा यूटीआर नंबर (बँक प्रत्येक व्यवहाराला देते तो क्रमांक), त्या सॉफ्टवेअरमधल्या जोडणीच्या नोंदी, सगळ्याचे मोबाइलने फोटो काढले. मग आत बघितलं. लांबून कॉम्प्युटर चालवणारी दोन सॉफ्टवेअर होती. त्यातल्या एकावर पासवर्ड ठेवून, कुणी परवानगी न देता आत शिरता येईल अशी सोय करून ठेवलेली. म्हणजे मशिन चालू असेल तेव्हा केव्हाही तो येऊ शकत होता. क्रोममध्ये नेटबँकिंगचा पासवर्ड सेव्ह केलेला होता. फुकटचे 'क्लीनर', 'ड्रायव्हर अपडेटर' आणि सूचना पाठवणाऱ्या साइट तर विचारूच नका.

अशा मशिनवर नुसता अँटिव्हायरस फिरवून विसंबून राहू नये. फोटो आणि कागदपत्रं तेवढी बाहेरच्या डिस्कवर घेतली, सॉफ्टवेअर बसवायची सेटअपची फाइल एकही घेतली नाही, आणि हार्ड डिस्क पूर्ण पुसली. विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेटही १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि विंडोज ११ या जुन्या मशिनवर बसत नाही, म्हणून विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. सातबारा निघतो, मराठी टाइप होतं, इतिवृत्तही युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येईल असं, करून दिलं. सगळे पासवर्ड माझ्या लॅपटॉपवरून बदलले. बँकेतून पैसे पाठवायची रोजची मर्यादा पाच हजारांवर आणली.

आता मामांना वेगळेच फोन येतात. दिल्लीच्या सायबर विभागातून बोलतोय, तुमची रक्कम सापडलीय, ती सोडवायला आधी एवढी फी भरा. एकदा फसलेल्या माणसाला असे फोन येतातच, त्यांचे नंबर या टोळ्यांमध्ये फिरत असतात. १९३० वरच्या तक्रारीला कसलीही फी नाही. तक्रारीचा क्रमांक तुमच्याजवळ असतो, आणि पुढची चौकशी त्या क्रमांकावरून आपणच सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर किंवा पोलीस ठाण्यात जाऊन करायची.