ए/टी टायरच्या नावाखाली ५४,४०० रुपये उकळले. पिकअपवाल्यांनो, टायरची आतली बाजू बघा

उत्तर गोव्यातल्या एका टायरवाल्याने ‘नवे कोरे ऑल-टेरेन’ (ए/टी, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीवर चालणारे) म्हणून मला आठ वर्षांपूर्वी बनलेले टायर विकले. एक-दोन नव्हे, चारही खोटे. घरात अजून पूर्ण रक्कम सांगितलेली नाही. सांगायला तोंडच होत नाही. पण सत्तरी-डिचोलीत आता घरटी पिकअप आहे, आणि पावसाच्या तोंडावर सगळे टायर बदलायलाच बघतात, म्हणून सगळं लिहितोय.

माझी गाडी डबल केबिन पिकअप, टायरचं माप २४५/७५ आर १६. आठवड्याला बेळगावहून भाजी आणतो, चोर्ला घाटातून. बाकीच्या दिवसांत बागेत खत ने, सुपारी आण. बागेचा रस्ता म्हणजे लाल माती आणि वर आलेला जांभा. पावसात साधे हायवे टायर तिथे जागीच फिरतात. एम/टी, म्हणजे निव्वळ चिखलाचे टायर, डांबरावर गोंगाट करतात आणि लवकर झिजतात. दर आठवड्याला घाट असेल तर ते परवडत नाहीत. म्हणून ए/टी हवे होते, आणि भार वाहायचा म्हणून एलटी, म्हणजे लाइट ट्रक वर्गातले. एवढा अभ्यास करून मी दुकानात गेलो होतो. काही न कळणारा माणूस लुबाडला गेला असं कोणी समजू नये.

मडगावात एका दुकानात चांगल्या ए/टीचा भाव १८,२०० रुपये नग, जीएसटीसकट. हा उत्तर गोव्यातला म्हणाला १४,५००. चार टायरांवर १४,८०० रुपये वाचत होते. मे महिना, पाऊस उंबरठ्यावर. तुमच्यातला कोण उठून गेला असता, सांगा.

हिशेब असा झाला. चार टायरांचे ५८,०००. फिटिंग, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंटचे २,४००. माझे जुने चार टायर त्याने १,५०० रुपये नगाने घेतले, ते ६,००० वजा. एकूण ५४,४००. त्यातले १०,००० आगाऊ यूपीआयने, तेही त्याच्या मेहुण्याच्या नंबरवर. उरलेले ४४,४०० रोख. दुकानदार स्वतःच्या खात्यावर पैसे घेत नसेल तर तिथूनच मागे फिरा.

बिल मागितलं होतं. मी मागितलंच नाही असं तो आता सगळ्यांना सांगत फिरतोय, ते धादांत खोटं आहे. तो म्हणाला, “बिल हवं तर देतो, पात्रांव, पण २८ टक्के वर पडतील.” म्हणजे १६,२४० रुपये. ऐन हंगामात सोळा हजार कोण सोडतो? घरी येऊन आकडे मांडले तेव्हा दिसलं की बिलासकट ५८,००० चे ७४,२४० होत होते, आणि मडगावचे चार टायर बिलासकट ७२,८०० ला मिळत होते. म्हणजे याचा माल स्वस्त कधी नव्हताच. आता तर २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आलाय. टक्क्यांची भीती घालून कोणी बिल टाळत असेल तर त्याचं काही ऐकू नका.

आता जे आठवलं की अजून हात शिवशिवतात ते. टायर थायलंडचे होते. इथे कसे मिळाले विचारलं तर म्हणाला, “आयात बंद झाली ना, त्याआधीचा माल आहे. आता शोधून मिळायचा नाही.” आणि त्याच दमात, “एकदम ताजा स्टॉक.” जून २०२० मध्ये सरकारने टायरच्या आयातीवर निर्बंध आणले, तेव्हापासून परवाना लागतो. हे मला माहीत होतं. मी उभा होतो मे २०२५ मध्ये. म्हणजे तो स्वतःच्या तोंडाने सांगत होता की माल जवळजवळ पाच वर्षांचा तरी आहे, आणि मी मान डोलवत होतो! पण तो ज्या आपुलकीने बोलत होता, चहा मागवत होता, माझ्या गावातल्या चार जणांची नावं घेत होता, त्यात माणूस शब्द तोलत बसत नाही. हे लोक त्यावरच जगतात.

तरीही मी तारीख बघायला वाकलो होतो. टायरवर डॉट म्हणून जो कोड असतो त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे बनल्याचा आठवडा आणि वर्ष. दिसणाऱ्या बाजूला कोड अर्धवट होता, तारीख नव्हती. विचारलं तर म्हणाला, “ती पलीकडच्या बाजूला असते. पांढरी अक्षरं बाहेर ठेवायची म्हणून ती बाजू आत जाते.” यातली एक गोष्ट खरी आहे. पूर्ण कोड एकाच बाजूला असला तरी चालतो. खऱ्या गोष्टीच्या आडून त्याने मला फसवलं. पोराने चाक उचललं तेव्हा आतल्या बाजूला हाताएवढा मळकट, घासल्यासारखा पट्टा मला दिसला होता. मी “थांब” म्हणालो. दुकानदार म्हणाला, “साच्याचा डाग आहे तो, राहू दे,” आणि पोराने नट आवळले. तो एक क्षण! चाक तिथेच जमिनीवर उतरवून घ्यायला हवं होतं. टायर रिमवर चढण्याआधी चारही टायर स्वतःच्या हाताने फिरवून बघा. दुकानदाराला राग आला तर येऊ दे.

दीड महिन्याने, भाजी भरून घाट उतरताना मागून थरथर सुरू झाली. गाडी बाजूला घेतली. मागच्या उजव्या टायरचा वरचा पट्टा सुटून लोंबत होता. वळणावर तो फाटला असता तर मी हे लिहायला उरलो नसतो. स्टेपनी घालून केरीपर्यंत उतरलो. तिथल्या पंक्चरवाल्याने चारही चाकं काढली आणि एकेक करून मला दाखवली. दोघांवर तारीख १६१७, म्हणजे २०१७ चा सोळावा आठवडा. उरलेल्या दोघांवरची तारीख ग्राइंडरने घासलेली. त्यातल्याच एकाला आतून खांद्याजवळ पॅच, म्हणजे वापरलेला टायर. खांद्यावरची दुरुस्ती धरत नाही हे कुठलाही पंक्चरवाला सांगेल. नक्षीच्या खाचांत बारीक चिरा, वरून काळं पॉलिश. आयएसआयची खूण एकावरही नाही. भारतात विकायच्या टायरवर, परदेशी असला तरी, ती लागतेच. एलटी तर नव्हतेच. मापाच्या पुढे १११ लिहिलेलं, म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त १,०९० किलो भार. मी पैसे मोजले होते १२०/११६ चे. एकेरी चाकाला त्यातला पहिला आकडा धरायचा, म्हणजे १,४०० किलो. माप जुळलं म्हणून खूश होऊ नका, मापाच्या पुढचा आकडा वाचा.

पोलीस ठाण्यात गेलो. पहिला प्रश्न, बिल कुठे? माझ्याकडे ‘४ नग ए/टी’ लिहिलेली चिठ्ठी आणि १०,००० ची यूपीआयची नोंद. “ही दिवाणी बाब आहे,” म्हणाले. जुना माल नवा म्हणून विकणं, तारीख घासून टाकणं ही दिवाणी बाब? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ कशासाठी आहे मग? मी कलम सांगितलं तर साहेबांनाच राग आला. म्हणाले, “बिलाशिवाय माल घेतलास, आधी तुझ्यावरच कारवाई होईल.” मग दुकान दुसऱ्या हद्दीत येतं म्हणून तिकडे पाठवलं. तिकडच्यांनी, टायर फाटला आमच्या हद्दीत नाही, म्हणून परत इकडे. एका हवालदाराने तर त्या दुकानदाराला माझ्यासमोर फोन लावून “बाब, मिटवून टाक ना” म्हटलं. ओळख कोणाशी होती ते कळलं.

वाहतूक खात्यात गेलो तर, आम्ही गाड्या तपासतो, दुकानं नाही. टायर गुळगुळीत दिसला की रस्त्यात अडवून दंड करायला हेच पुढे. नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की गुन्हा माझा. आठ वर्षांचा सडका टायर भर बाजारात विकला तर गुन्हा कोणाचाच नाही! कर खात्यात म्हणाले दुकानाचा जीएसटी नंबर आणा. बिल न देणाऱ्या माणसाचा नंबर मी कुठून आणू? टायर कंपनीच्या माणसाने फोटो पाहिले आणि “अधिकृत विक्रेत्याकडून घेतलेला नाही” एवढं बोलून फोन ठेवला. सगळीकडे खुर्चीत माणूस, टेबलावर कागद, आणि मी दारात टायर घेऊन उभा.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगाची वाट धरली. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. त्याआधी काय करायचं ते समजून घ्यायचं असेल तर १९१५ वर फोन करा. चिठ्ठी, चॅट, यूपीआयची नोंद, काही पुसू नका.

नोटीस गेल्यावर दुकानदाराचा फोन आला. “टायर घेऊन ये, बदलून देतो, वर पाच हजार देतो.” जाणार नाही. टायर एकदा त्याच्या हातात गेले की पुरावा संपला. ते चारही माझ्या पडवीत आहेत, फोटोसकट. गाडीला ७२,८०० चे नवे टायर घातले, पक्क्या बिलावर, प्रत्येकाची तारीख बिलात लिहून घेतली. टायरचाच खर्च आता १,२७,२०० झाला.

मे-जून २०२५ च्या सुमारास कोणी उत्तर गोव्यात बंदीआधीचा थायलंडचा माल म्हणून ए/टी घेतले असतील तर आज गाडी जॅकवर चढवा आणि आतली बाजू बघा. घासलेली निघाली तर फोटो काढा, मला कळवा. आयोगाच्या परवानगीने अनेक ग्राहकांना एकत्र तक्रार करता येते. अजून दोघे जण मिळाले तरी मिटवून टाक म्हणणाऱ्यांना ते जड जाईल.