नावेचा विमा काढताना मी कसा फसलो: कागद खरा होता, पण माझ्या धंद्याचा नव्हता

कोल्हापूर जिल्ह्यातल्या धामोडच्या तुळशी जलाशयावर मी गळानं मासे धरायची हौस असलेल्या लोकांना नावेतून नेतो. शनिवार-रविवारी पुणे-सांगलीकडनं गिऱ्हाईक येतं. कटला कुठं लागतो, मरळ कुठं बसते ते दाखवायचं, गळ-आमिष, लाइफ जॅकेट सगळं माझं. पतसंस्थेचं कर्ज काढून फायबरची नाव आणि १५ हॉर्सपॉवरचं आऊटबोर्ड इंजिन (नावेच्या मागं बाहेरनं लावायचं) घेतलं, दोन्हीचे मिळून ३ लाख ८० हजार गेले. घर त्यावरच चालतं. आता आमच्या भागात आणखी पोरं या धंद्यात यायला लागलीत आणि ज्यानं मला फसवलं तोच एजंट त्यांच्याही दारात जातोय, म्हणून हे लिहितोय.

शाहूपुरीत बसतो तो. बोलायला गोड. "२०२१ चा नवीन कायदा आलाय मालक, इंजिनाच्या नावेला विमा लागतोयच." कायद्याचं खरंच आहे, त्यामुळं माझा विश्वास बसला. नाव भाड्यानं चालते, दर आठवड्याला गिऱ्हाईक असतं, हे मी त्याला दोनदा सांगितलं. "सगळं बसतंय त्यात. सही तेवढी करा, बाकीचं मी भरतो." फॉर्म कोरा होता. पेन्सिलीनं फुल्या केल्या होत्या तिथं मी तीन सह्या केल्या. हप्ता १६,५०० सांगितला आणि "तुमच्यासाठी माझ्या कमिशनातनं दोन हजार सोडतो" म्हणाला. १४,५०० रोख दिले. एजंटानं कमिशनातून अशी सूट देणं १९३८ च्या विमा कायद्यातल्या कलम ४१ नं बंद आहे. तेव्हा हे माहीत असतं तर तिथूनच उठलो असतो.

पॉलिसी आली, ती खरी होती. कंपनीच्या नंबरवर फोन करून विचारलं, पॉलिसी चालू आहे म्हणाले. मी ती ट्रंकेत ठेवून दिली.

गेल्या मे महिन्यात वळवानं घात केला. पाणी खाली गेलेलं, काठाला खडक उघडे पडलेले. संध्याकाळी नाव बांधून घरी आलो आणि वारं सुटलं. दोर तुटला, नाव मागच्या बाजूनं खडकावर आपटत राहिली. सकाळी जाऊन बघतो तर तळाला हात जाईल एवढं भोक आणि इंजिन पाण्यात. दुरुस्तीचा अंदाज १ लाख ३५ हजार निघाला.

कंपनीकडं भरपाईचा दावा केला. नुकसान तपासायला सर्व्हेअर आले, त्यांनी सरळ विचारलं, "नाव भाड्यानं देता काय?" मी म्हटलं, "होय साहेब, हाच धंदा." बुकिंगची वहीही दाखवली. त्यांनी गुमान लिहून घेतलं. पुढं पत्र आलं: पॉलिसी फक्त खासगी वापरासाठी आहे, दावा नामंजूर.

तेव्हा ट्रंकेतला कागद पहिल्यांदा नीट वाचला. दुसऱ्या पानावर 'वापर: खासगी, हौसेसाठी'. हप्ता ६,२०८ रुपये. बाकीचे आठ हजार कुठं गेले ते सांगायला नको. कंपनीकडं फॉर्मची प्रत मागितली, ईमेलवर रंगीत आली. माझी सही निळ्या शाईत. 'भाड्याने वापर होतो का?' यापुढं 'नाही', ते काळ्या शाईत, दुसऱ्याच हातानं लिहिलेलं. एजंटाला फोन केला तर म्हणतो, "सही तुमचीच हाय मालक, मी काय करणार?"

मला झोप लागली नाही ती नावेच्या नुकसानीनं नव्हे. त्या वर्षभरात किती माणसं माझ्या नावेत बसली. कुणाची बारकी पोरंही होती. एखाद्याला काही झालं असतं तर त्या घराला या पॉलिसीतून एक रुपया मिळाला नसता आणि माझं रान विकूनही भरपाई झाली नसती.

तेव्हा भावांनो, पैसे द्यायच्या आधी 'वापर' ही ओळ बघा. भाड्यानं प्रवासी नेण्यासाठी असं स्पष्ट हवं, गिऱ्हाईकाच्या दुखापतीची जबाबदारी वेगळी लिहिलेली हवी, तुमचा जलाशय त्यात बसायला हवा. आऊटबोर्ड इंजिन निसटून पाण्यात पडलं तर काही पॉलिसीत भरपाई नसते, तेही विचारा. फॉर्म स्वतःच्या हातानं भरा, त्याचा फोटो काढा, आणि हप्ता थेट कंपनीच्या खात्यात भरा.

मी आधी कंपनीकडं लेखी तक्रार केली. महिनाभर वाट बघितली, उत्तर तेच आलं. मग पुण्याच्या विमा लोकपालाकडं, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडं गेलो. तिथं फी लागत नाही, वकीलही लागत नाही, पण कंपनीनं नकार दिल्यापासून वर्षाच्या आत जावं लागतं. एकट्याच्या मालकीच्या धंद्याचीही तक्रार घेतात. १५५२५५ या नंबरवर विमा नियामकाकडंही तक्रार नोंदवता येते, तीही केली. सुनावणीची तारीख अजून आलेली नाही. नाव काठावर जांभळाखाली पालथी घातली आहे, गिऱ्हाईक शेजारच्या पोराकडं पाठवतोय. त्यालाही त्याची पॉलिसी काढून दुसरं पान बघायला लावलं. त्याच्याही कागदावर 'खासगी'च निघालं.