काथ्याची जाळी: दोन पावसाळ्यांनंतरचं मत

कोकणात मातीचा उतार कापून ज्यांनी घर बांधलंय, त्यांनी काथ्याची जाळी जरूर वापरावी, असं माझं स्पष्ट मत आहे. लांजा तालुक्यातल्या आमच्या घरामागे जेसीबीने कापलेला लाल मातीचा उतार आहे, साधारण दोन पुरुष उंच. पावसाळ्यात त्यावरची माती वाहून मागच्या पडवीत यायची, गटार बुजायचं, आणि मिरग जवळ आला की माझी झोप उडायची. जांभ्याची भिंत घालायची तर चिरे आणि गवंड्याची मजुरी धरून खर्च आवाक्याबाहेर जात होता. उतारावर सिमेंट मारून घेणं मला पटत नव्हतं. आत मुरलेल्या पाण्याला बाहेर यायला वाट उरली नाही, की ते सगळंच पुढे ढकलतं.

ही जाळी म्हणजे नारळाच्या सोडणातून काढलेल्या काथ्याचं दोन पदरी सूत, मोकळं विणलेलं. सरकारी कागदांत तिला भूवस्त्र म्हणतात. चौरस मीटरला किती ग्रॅम, यावर तिची प्रत ठरते: ४००, ७०० आणि ९०० ग्रॅम. आमचा उतार चांगलाच उभा, म्हणून मी ७०० ग्रॅमची घेतली. एक मीटर रुंद आणि ५० मीटर लांब गुंडाळी म्हणजे ३५ किलो, त्यामुळे ती वर चढवायला दोन माणसं लागतात. काम करणारे भाऊ पहिल्या दिवशी म्हणाले, "वहिनी, सुंभाच्या जाळीनं माती कशी राहील?" शंका रास्त होती. पण काथ्यात लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारं द्रव्य, भरपूर असतं, म्हणून तो ओल्यात लवकर कुजत नाही. तागाची जाळी स्वस्त मिळते, पण आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यात ती एका पावसाळ्यातच संपते. प्लास्टिकची जाळी मी विचारातच घेतली नाही. शेजारच्या काकांच्या परसातल्या नायलॉनच्या जाळीत धामण अडकून मेलेली मी पाहिली आहे.

सगळा खेळ लावण्यात आहे, तेव्हा ते जरा सविस्तर सांगते. आधी उताराच्या माथ्यावर पाणी वळवणारा चर हवा. वरच्या डोंगराचं पाणी थेट जाळीवर आलं तर कुठलीच जाळी टिकणार नाही. मग उतारावरचे दगड, मुळांची खुंटं काढून माती सारखी करायची आणि गवताचं बी पेरायचं. दिवाळीनंतर आमच्याच माळावरचं वाळलेलं गवत झोडून बी ठेवलं होतं, तेच टाकलं. जाळीचं वरचं टोक वीतभर खोल चरात गाडून माती ठोकून बसवायची आणि गुंडाळी वरून खाली सोडायची. आडवी लावू नये, जोडातून पाणी आत शिरतं. ताणायचीही नाही. सैल सोडली तरच ती खड्ड्याखळग्यांत मातीला चिकटून बसते, आणि जिथे चिकटत नाही तिथे पाणी तिच्या खालून धावतं. शेजारच्या दोन पट्ट्या वीतभर एकमेकींवर घ्यायच्या आणि साधारण मीटरमीटरवर खुंट्या मारायच्या. मऊ मातीत बांबूच्या खुंट्या चालल्या. कातळ लागला तिथे त्या फुटल्या, म्हणून सळईचे यू आकाराचे आकडे वाकवून घेतले.

पहिला जोराचा पाऊस झाला तेव्हा छत्री घेऊन मागे जाऊन पाहिलं. कोरडी असताना सोनेरी दिसणारी जाळी पाणी पिऊन गडद तपकिरी झाली होती, सूत फुगलं होतं. प्रत्येक आडव्या सुताच्या वरच्या अंगाला बोटाएवढा मातीचा बांध साचला होता, म्हणजे सगळ्या उतारावर शेकडो छोटे बांध. पाणी घसरत नव्हतं, एकेक पायरी उतरल्यासारखं येत होतं आणि गटारातलं पाणी लाल नव्हे, गढूळसर होतं. आषाढात गवताचे कोंब छिद्राछिद्रांतून वर आले. मग सुतं जरा बाजूला सारून वाळा आणि गवती चहाची ठोंबं आडव्या ओळींत लावली. वाळ्याची मुळं दोन-तीन मीटर खोल जातात, पण ती जायला वेळ लागतो. तो वेळ जाळी देते. आता दुसऱ्या पावसाळ्यानंतर सूत हाताने ओढलं की तुटतं, काही ठिकाणी मातीतच विरून गेलंय. तेवढ्यात उतार गवताने धरला आहे, त्यामुळे मला त्याची काळजी वाटत नाही.

पण जाळी फक्त वरची माती धरते. उतार आतून सुटत असेल, वर भेगा पडल्या असतील, झाडं कलली असतील, तर जाळीवर विसंबू नका. तिथे जाणकार माणसाला बोलवा. कोकण रेल्वेच्या कटिंगला पडणारे दगड अडवायला पोलादी जाळ्या लावल्यात, ते काम काथ्याचं नव्हे. नुसत्या कातळावरही ती लावून उपयोग नाही, कारण मुळं धरायला मातीच नसते.

सोबत काथ्याचे ओंडकेही, म्हणजे जाळ्यात काथ्या ठासून भरलेल्या लांब वळकट्या, मागवले होते, पऱ्ह्याच्या म्हणजे ओढ्याच्या काठाला लावायला. भरणा उत्तम, पण बाहेरचं जाळं प्लास्टिकच्या दोरीचं निघालं, ते कुजणार नाही आणि पऱ्ह्यातच राहील. मी परत केले. काथ्याच्या कुंड्या रोपं करायला छान. कोकोपीट, म्हणजे सोडणाचा भुसा, वापरणार असाल तर भिजवून दोन-तीन पाण्यांनी धुऊन घ्या, क्षार राहिले तर पानांच्या कडा करपतात.

माझी खरी तक्रार मालाच्या वजनाबद्दल आहे. पुन्हा थोडी जाळी मागवली ती हाताला हलकी लागली. मीटरभर तुकडा कापून स्वयंपाकघरातल्या काट्यावर टाकला, तर ४०० ग्रॅमच्या आसपास. पैसे ७०० ग्रॅमचे घेतले होते. विक्रेत्याने बरीच टोलवाटोलवी करून फरक परत केला. तेव्हा बिलावर ग्रॅम आणि आयएस १५८६९ हा या जाळीच्या भारतीय मानकाचा क्रमांक लिहून घ्या आणि माल उतरताच वजन करा.

दराचं म्हणाल, तर २०२० मध्ये केंद्राने प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्यांखाली ही जाळी घालायला मान्यता दिली, तेव्हा एक कोटी चौरस मीटरला ७० कोटींचा अंदाज धरला होता, म्हणजे चौरस मीटरला ७० रुपये. त्यात महाराष्ट्राच्या वाट्याला ३२८ किलोमीटर रस्ते होते. मला वाहतूक धरून जाळी त्याहून बरीच महाग पडली, कारण माल केरळातून आला. याचं मला मनापासून वाईट वाटतं. आमच्याकडे सोडणं न्हाणीच्या चुलीत जातात. वेंगुर्ल्यात बायकांची काथ्याची सहकारी संस्था आहे, तसं काम आमच्या बाजूलाही उभं राहिलं तर निम्मं भाडं वाचेल आणि गावातल्या बायकांच्या हाताला काम मिळेल.

ऑर्डर एप्रिलमध्येच द्या, मे अखेरीस लावून झाली पाहिजे. उताराच्या मापापेक्षा पंधरा-वीस टक्के जास्त घ्या, चरात आणि जोडांत तेवढी जातेच. यंदा मी विहिरीवरच्या बांधाला लावणार आहे, पण तिथे ४०० ग्रॅमची. उतार कमी आहे, तेवढी पुरेल.