यामाहाचं वायईव्ही-१०५: दोन गिटारींच्या मधोमध बसणारं व्हायोलिन

एकट्याने वाजवण्यासाठी इलेक्ट्रिक व्हायोलिन शोधत असाल, तर या लिखाणाचा तुम्हाला थोडाच उपयोग होईल. मी हे वाद्य घेतलं ते दोन अकूस्टिक गिटारींसोबत बसायला. भाचा स्टीलच्या तारांची गिटार बोटांनी वाजवतो, त्याचा मित्र नायलॉनच्या तारांची. तबला नाही, गाणं नाही. शनिवारी संध्याकाळी नाशिकच्या इंदिरानगरला आमच्या घरी बैठक जमते आणि कधीमधी छोट्या कार्यक्रमाचं बोलावणं येतं. या तिघांच्या वाजवण्यात हे व्हायोलिन कसं उतरलं, तेवढंच सांगते.

आधी माझं नेहमीचं, पोकळ पेटीचं लाकडी व्हायोलिनच असायचं. घरात ते नायलॉनच्या गिटारीला पार झाकून टाकायचं. गज कितीही हलका धरला तरी व्हायोलिनचा आवाज पुढेच येतो, आणि नायलॉनच्या तारेचा नाजूक टणत्कार त्याखाली ऐकूच येत नाही. मंचावर गेलं की उलटी अडचण. माझ्यासमोरच्या माइकमध्ये दोन्ही गिटारी शिरायच्या आणि नायलॉनवाल्याने आवाज वाढवायला सांगितलं की त्याची गिटार घुमायला लागायची. गिटारीची पेटी साधारण १०० हर्ट्झच्या आसपास स्वतःहून घुमते. मॉनिटर, म्हणजे वादकाकडे तोंड केलेला स्पीकर, जवळ असला की तिथेच फीडबॅक, म्हणजे आवाज फिरून परत शिरल्याची घरघर, सुरू होतो. मग साऊंडवाला खालचा सगळा आवाज कापतो, आणि गिटारीचा जीवच जातो.

वायईव्हीला पेटीच नाही. मधला भाग स्प्रूस, महोगनी आणि मेपलचा, कडेने वळत गेलेली अक्रोडाची पट्टी. दिसायला देखणं आहे, फोटोत दिसतं त्याहून जास्त. वजन साधारण ५५० ग्रॅम, म्हणजे लाकडी व्हायोलिनपेक्षा जरा जास्त, पण हातात समतोल बसतं. पेटी नसल्यामुळे ते घुमत नाही, आणि त्याचा आवाज किती ठेवायचा हे गजाच्या दाबावर न राहता बटणावर येतं. हे ऐकायला साधं वाटेल, पण आमच्या बैठकीत यानेच सगळा फरक पडला. आता मी पूर्ण गज लावून, मोकळ्या हाताने वाजवते आणि आवाज मात्र नायलॉनच्या गिटारीएवढाच ठेवते. पूर्वी आवाज दाबायचा म्हणून गज चोरून वाजवावा लागायचा, त्यात सूर कोरडा व्हायचा.

आता पाचव्या तारेबद्दल, कारण मी १०४ न घेता १०५ घेतलं ते तिच्यासाठीच. १०४ला नेहमीच्या चार तारा असतात, १०५ला त्यांच्याखाली आणखी एक. नेहमीच्या व्हायोलिनची सगळ्यात खालची तार १९६ हर्ट्झवर असते. आमचा षड्ज पांढरी दोन, म्हणजे पेटीवरची दुसरी पांढरी पट्टी, इंग्रजी डी, कारण भाचा गिटार डी-ए-डी-जी-ए-डी लावतो. आपल्या भाषेत सा-प-सा-म-प-सा. त्याला जुळवून मी पाच तारा सा-प-सा-प-सा अशा लावते. खालच्या दोन एकेक स्वर चढवून, वरची एक उतरवून, मधल्या दोन आहेत तशाच. ताण वाढतो म्हणून खालच्या दोन जरा हलक्या गेजच्या, म्हणजे बारीक, घेतल्या. त्यामुळे माझा सगळ्यात खालचा षड्ज १४७ हर्ट्झच्या आसपास येतो, गिटारीच्या खालच्या तारेच्या बरोबर एक सप्तक वर. दोन्ही गिटारी वरच्या सप्तकात खेळत असताना मी खाली उतरून नुसता लांब षड्ज धरला, की तानपुऱ्याची उणीव राहत नाही. लाकडी व्हायोलिनवर हे मला कधी मिळालंच नव्हतं. तिथे मी कायम सगळ्यांच्या वरच असायचे.

पण या तिघांच्या वाजवण्यातला खरा कस गांधाराचा आहे. गिटारीला पडदे असतात आणि ते समान अंतरांच्या सप्तकाचे. पांढरी दोनचा शुद्ध गांधार गिटारीवर ३७० हर्ट्झला पडतो. माझ्या कानात, गुरुजींनी बसवलेला, तो ३६७ला आहे. ३ हर्ट्झचा फरक. दोघांनी एकाच वेळी गांधार लांब धरला की सेकंदाला ३ हेलकावे स्पष्ट ऐकू येतात, आणि माझ्या अंगावर काटा येतो. लाकडी व्हायोलिनच्या भरदार, खरबरीत आवाजात ते हेलकावे थोडे लपायचे. वायईव्हीचा आवाज स्वच्छ आहे, त्यात काही लपत नाही. सुरुवातीला मला हा वाद्याचा दोष वाटला. आता तो गुण वाटतो, कारण त्याने आम्हाला मांडणी बदलायला लावली. खमाज राग वाजवताना, जिथे गांधार वादी, म्हणजे मुख्य स्वर आहे, दोन्ही गिटारी गांधार सोडून देतात. सा-प-सा-म-प-सा लावलेल्या गिटारीच्या सुट्या तारांत गांधार मुळात नाहीच, तेव्हा त्यांना तसं अवघड जात नाही. गांधार फक्त माझा. गिटारींनी गांधार घ्यायचाच झाला तर तुटक घ्यायचा, छेडून लगेच सोडायचा. या एका नियमाने आमचा खमाज सुधारला.

मींडेचंही, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याचंही, तसंच. गिटारीवर मींड म्हणजे तार ओढून. स्टीलच्या तारेवर ती एक-दोन स्वरांपलीकडे जात नाही, नायलॉनवर त्याहून कमी. १९७५ च्या सुमारास ‘शक्ती’ या गटात जॉन मॅकलॉफ्लिन एल. शंकर यांच्या व्हायोलिनबरोबर अकूस्टिक गिटार वाजवत. त्यांच्या गिटारीचे पडद्यांमधले भाग कोरून खोलगट केले होते, तार ओढायला सोपं जावं म्हणून, आणि पेटीवर आडव्या जादा तारा होत्या. आम्ही तसं काही केलेलं नाही. लांब मींड माझ्याकडे, आणि तिच्या शेवटच्या स्वरावर भाचा एकच तार छेडतो. वायईव्हीचा सूर गजाच्या पहिल्या स्पर्शाला पटकन उमटतो, म्हणून ती वेळ नेमकी साधते.

आता जे आवडलं नाही ते. या वाद्यात बॅटरी नाही, प्रीअँप (पिकअपचा बारीक सिग्नल वाढवणारं यंत्र) नाही, हेडफोन लावायची सोय नाही. आवाजाचं एक बटण आणि एक जॅक, बस. बॅटरी ऐन कार्यक्रमात संपायची भीती नाही हे खरं. पण घोडीचा पिकअप पिझो जातीचा, म्हणजे तारांच्या कंपनाच्या दाबातून सिग्नल देणारा आहे आणि तो नाजूक असतो. त्याला पुढे जोडलेल्या यंत्राचा इनपुट साधारण १ मेगाओमचा लागतो. मिक्सरच्या साध्या लाइन इनपुटमध्ये थेट खुपसलं तर खालचा सगळा भरणा निघून जातो आणि पत्र्यावर नख ओढल्यासारखा आवाज उरतो. शहरातल्या एका छोट्या सभागृहात हे माझ्या वाट्याला आलं. तिथल्या साऊंडवाल्याने माझी केबल सरळ मिक्सरला लावली, मी डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी) पुढे केला तर ‘त्याची गरज नाही ताई’ म्हणून बाजूला ठेवला, आणि पहिले दोन तुकडे तसेच गेले. ज्या पाचव्या तारेसाठी वाद्य घेतलं तीच लोकांना ऐकू आली नाही, याचं मला फार वाईट वाटलं. मध्यंतरात भाच्याने डीआय जोडला आणि खालचा षड्ज पुन्हा उभा राहिला. तेव्हा वाद्याच्या किमतीत चांगल्या प्रीअँपची किंवा अ‍ॅक्टिव्ह डीआयची किंमत धरूनच हिशोब करा. वाद्यापासून त्यापर्यंतची केबल शक्य तितकी आखूड ठेवा, केबल लांबली की पिझोचा जोर कमी होतो.

मांडी घालून, व्हायोलिनचं टोक पायाच्या घोट्यावर टेकवून वाजवणाऱ्यांनी एक गोष्ट दुकानातच तपासावी. जॅक आणि केबल मांडीच्या दिशेने येते, ती वळवून घ्यायची सवय करावी लागते. काटकोनी टोकाची केबल घेतली तर त्रास संपतो. बैठक मारूनही स्थिर राहतं, मींडेच्या वेळी हाताखाली सरकत नाही.

पावसाळ्यात हे वाद्य सुखाचं. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये दोन्ही गिटारींची वरची फळी ओल धरते, तारा पडद्यांपासून उचलल्या जातात, दर बैठकीला सूर लावण्यात वेळ जातो. वायईव्ही त्या महिन्यांत मी लावून ठेवलं की पुढच्या शनिवारी जवळपास तसंच सापडतं. आणि रात्री केबल न जोडता रियाज केला तर शेजारच्या फ्लॅटमध्ये ऐकू जात नाही. मला मात्र पुरेसं ऐकू येतं.

विष्णु दिगंबर पलुस्करांचा आश्रम ज्या पंचवटीत होता, त्या पंचवटीतल्या एका ज्येष्ठ श्रोत्यांनी कार्यक्रमानंतर मला विचारलं, विजेच्या व्हायोलिनमध्ये गायकी राहते का? माझ्या मते राहते, गजाचा हात गायकीचा असेल तर. आलापात आणि मध्य लयीत मला काही कमी वाटत नाही. अतिद्रुत झाल्यात, म्हणजे शेवटच्या वेगवान वादनात, मात्र गजाच्या घर्षणाचा जो दाणेदारपणा लाकडी व्हायोलिन देतं तो इथे मिळत नाही, आवाज गुळगुळीत होतो. झाला आता मी गिटारींवर सोडते, त्यांना तो छान जमतो.

शेवटी तारांचं. पाचव्या तारेसाठी नाशिकवर विसंबू नका. मी विचारलं त्या दुकानांत चार तारांचे संच सहज मिळतात, पाचवी सुटी तार कुणाकडे नव्हती. मी ती मुंबईहून मागवते, आणि वाद्य घेताना एक जास्तीची बरोबरच घेतली होती. चढवून लावत असाल तर दोन घ्या.