अभिलेख पटल: फुकट आहे, पण सवड काढून बसा

आमच्या शिरूर तालुक्यातले क्रांतिकारक विष्णू गणेश पिंगळे, तळेगाव ढमढेरेचे. वर्गात त्यांच्याबद्दल चार ओळींपलीकडे सांगता येईना, म्हणून मी राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर गेले. नोंदणी केली की स्कॅन केलेल्या जुन्या सरकारी फायली घरबसल्या वाचता येतात, पैसे पडत नाहीत.

नुसतं नाव टाकून शोधू नका. तेव्हाचे कारकून आपली नावं कानाला येतील तशी लिहायचे. पिंगळ्यांची संघटना 'गदर', परदेशातल्या हिंदी लोकांनी इंग्रजांविरुद्ध उभारलेली; तिचं नावसुद्धा कधी जी-एचने, कधी नुसत्या जीने. गृह विभाग, राजकीय शाखा, १९१४-१५ अशी चाळण लावा. गुन्हे गुप्तवार्ता संचालकांचे साप्ताहिक अहवाल हाती लागले की जेवणाची आठवण राहत नाही.

पत्रव्यवहारापेक्षा टिपणं आधी वाचा. एका साहेबाने मत मांडायचं, खाली सही-तारीख, मग दुसऱ्याने त्यावर कडी करायची. माणसाला डांबायचं की गावी सोडायचं, हे असं कागदावरच ठरायचं. ५ सप्टेंबर १९१४ च्या वटहुकमाने परदेशातून येणाऱ्याला अडवून ठेवायची मुभाच मिळाली होती. खटल्याची गरज नाही. २९ ऑक्टोबरला 'तोसा मारू' ही आगबोट कलकत्त्याला लागली. १७३ हिंदी उतारू, त्यातले शंभरएक तुरुंगात. पुढे पंजाबात अडीच हजारांच्या आसपास लोकांना गाव सोडायला मनाई झाली. आणि एवढं जाळं लावूनही नोव्हेंबरात पिंगळे कलकत्त्याला उतरून निसटले ते निसटलेच! सापडले २३ मार्च १९१५ ला, मेरठला, १२ व्या घोडदळाच्या लायनीत, म्हणजे शिपायांच्या वस्तीत, बॉम्बसकट. १६ नोव्हेंबरला लाहोरच्या तुरुंगात गदरचेच कर्तारसिंग सराभा यांच्याबरोबर फाशी. वय सत्तावीसच्या आसपास.

पाचपैकी साडेचार तारे. अर्धा कापला तो संकेतस्थळाचा दोष म्हणून नव्हे. या कागदांत पाहणारा पोलीस, लिहिणारा पोलीस. उतारू बोलतो तो फक्त जबाबात, तोही साहेबाच्या इंग्रजीत. पिंगळ्यांची घरची बाजू इथे शोधायला जाल तर निराश व्हाल.

मोबाइलवर मात्र वाचू नका. मागच्या पानाची शाई पुढे उमटलेली असते, हाताने लिहिलेले शेरे मोठ्या पडद्यावरच लागतात.