मालवणात स्नॉर्केलिंग करावे की कयाक वल्हवावी?

मालवणला जाऊन सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या प्रवाळांवर स्नॉर्केलिंग (मास्क आणि श्वासनळी लावून पाण्यावर तरंगत खाली पाहणे) करावे की कर्लीच्या खाडीत कयाक, म्हणजे एकदोघांची अरुंद होडी, वल्हवावी, असा प्रश्न ज्यांना पडला असेल, त्यांनी आधी एकच गोष्ट तपासावी : पाय न टेकता आणि हातपाय न झाडता आपण पाण्यावर पाच मिनिटे शांत पडून राहू शकतो का?

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे पाणी 1987 साली घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्यात येते. तिथले प्रवाळ उथळ पाण्यात आहेत आणि नेमके तेच त्यांना भोवते. मास्कमध्ये पाणी शिरले की नवखा माणूस घाबरून उभा राहतो, तो थेट प्रवाळावरच. वरून दगड वाटणारे ते सजीवांचे पातळ आवरण असते. टाचेखाली ते चिरडते, आणि घुमटाच्या आकाराचा प्रवाळ वर्षाला जेमतेम एक सेंटिमीटर वाढत असल्यामुळे वीतभर तुटलेला भाग भरून यायला वीस वर्षेही पुरत नाहीत. फिन्सच्या, म्हणजे पायांत घालायच्या रबरी परांच्या, फटक्याने उडालेला गाळही त्यावर बसून त्याचा प्रकाश अडवतो. मासे जवळ यावेत म्हणून पाव टाकण्याची पद्धत मला सर्वांत जास्त खटकते, कारण प्रवाळावरचे शेवाळ खाणारे मासे त्यामुळे आपले काम सोडून होडीमागे लागतात. म्हणून होडी ठरवतानाच, पाव टाकणार नाही ना आणि नांगर खडकावर न टाकता वाळूत टाकाल ना, हे विचारून घ्यावे. सनस्क्रीन फासण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घालणे चांगले.

कयाकमधून प्रवाळ दिसणार नाहीत. खाडीचे पाणी गढूळ असते. पण पोहता न येणाऱ्यांनी, लहान मुलांना घेऊन आलेल्यांनी लाइफ जॅकेट घालून हाच पर्याय निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ओहोटीला चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली तिवराची श्वासमुळे हातभर अंतरावरून पाहायला मिळतात. मात्र त्यांवरून कयाक ओढू नये आणि वाळूच्या पट्ट्यावर विसावलेल्या कुरवांच्या थव्यात ती घुसवू नये. देवबागजवळ खाडी समुद्राला मिळते त्या मुखाकडे नवख्यांनी जाऊच नये, कारण उतरत्या पाण्याची ओढ तिथे जबरदस्त असते. डॉल्फिन दिसले तर वल्हे थांबवावे, पाठलाग करू नये.

पावसाळ्यात दोन्ही बंद असते. एरवी वेळ भरती पाहून ठरवावी : भरतीला प्रवाळांवर पाणी जास्त असते, आणि खाडीत चढत्या पाण्याबरोबर आत जाऊन उतरत्या पाण्याबरोबर परत येता येते.